रंधा, पाट आणि काटकोन

आपल्या घरात एखादी लाकडी पेटी असेल, तर ती जरा जवळ घ्या आणि तिचे कोपरे नीट पाहा. चारही बाजू जिथे एकमेकींना मिळतात तिथे नख शिरते का? तळाशी सांधा घट्ट असून वर फट दिसते का? नवीन पेटीतच अशी फट दिसली, तर आपण चटकन म्हणतो, "सुताराचा हात कच्चा." शाळेतल्या मुलाने केलेली पेटी असेल, तर त्याच्याबद्दलही आपण हेच म्हणतो. हे म्हणणे कितपत खरे आहे आणि खरा दोष पुष्कळदा कुठे असतो, ते आज पाहावयाचे आहे. त्यासाठी एक अगदी साधे साधन करून पाहू. ते रुपयांनी स्वस्त आहे, पण त्याला थोडी बुद्धी लागते.

आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. लाकूड करवतीने कितीही जपून कापले, तरी त्याचे तोंड अगदी सपाट आणि अगदी काटकोनात येत नाही. करवतीचे दात आलटूनपालटून दोन बाजूंना वळवलेले असतात. ते लाकूड ओरबाडत जातात. शिवाय हात थोडा कलतो. कललेला हात डोळ्यांना दिसत नाही, पण लाकडाला तो बरोबर कळतो. वीस सेंटिमीटर रुंदीची फळी घेतली आणि तिचे तोंड काटकोनापासून नुसते अर्धा अंश चुकले, तर एका कडेला पावणेदोन मिलिमीटर फट पडते. सुतारांच्या भाषेत बोलायचे, तर अर्ध्या सुताहून थोडी जास्तच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे तीन मिलिमीटर. अर्धा अंश म्हणजे काय, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. फट मात्र घरात येणाऱ्या प्रत्येकाला दिसते.

म्हणून करवतीने रेघेच्या बाहेर मिलिमीटरभर लाकूड राखून कापावे आणि उरलेले रंध्याने काढावे, ही जुनी रीत आहे. पण इथे दुसरी अडचण उभी राहते. फळीचा पृष्ठभाग रंधणे सोपे, तोंड रंधणे अवघड. लाकूड म्हणजे उभ्या तंतूंचा जुडगा. कडब्याची पेंढी डोळ्यांपुढे आणा. पेंढीच्या लांबीच्या दिशेने हात फिरवला तर तो सहज सरकतो. पण बुंध्याकडची टोके एकसारखी छाटायची झाली, तर विळ्याला धार हवी आणि पेंढी घट्ट धरलेली हवी. बोथट विळा टोके कापत नाही, वाकवतो. आणि शेवटच्या चार काड्या, ज्यांच्या मागे आधार नसतो, त्या फाटून लोंबतात. फळीच्या तोंडाचे नेमके हेच होते. रंधा पलीकडच्या कडेला पोचला, की तिथली ढलपी उडते. त्यातच फळी उभी धरून तिच्या अरुंद तोंडावर रंधा तोलायचा, म्हणजे तारेवरची कसरत. रंधा थोडा इकडे झुकतो, थोडा तिकडे झुकतो, आणि तोंड गोलसर होऊन बसते.

ह्यावर युक्ती अशी की, रंधा तोलूच नये. तो कुशीवर आडवा निजवावा आणि ठरलेल्या वाटेने सरकवावा. फळीही हातात धरू नये, तिला अडसराला टेकवावी. रंध्याला वाट आणि फळीला अडसर देणाऱ्या ह्या पाटाला इंग्रजीत शूटिंग बोर्ड म्हणतात. आपण त्याला नुसता 'पाट' म्हणू.

पाट असा करावा. खाली एक सपाट फळी, पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, पंचवीस रुंद आणि दोन सेंटिमीटर जाड. ती वाकणारी किंवा पीळ घेणारी नसावी. चांगल्या प्लायवूडचा तुकडा असला तर उत्तमच. तिच्यावर दुसरी फळी बसवावी, तेवढीच लांब पण अठरा सेंटिमीटर रुंद आणि सव्वा सेंटिमीटर जाड. दोघींच्या डाव्या कडा जुळवल्या, की उजवीकडे सात सेंटिमीटरची पायरी उरेल. ही रंध्याची वाट. वरच्या फळीची उजवी कड सरळ रंधलेली हवी, कारण रंधा तिलाच घासून चालणार आहे. ह्या कडेचा खालचा कोपरा थोडा तासून टाकावा, म्हणजे तिथे भुसा साचला तरी रंध्याला अडथळा होत नाही. मग वरच्या फळीवर, आपल्यापासून दूरच्या टोकाला, अठरा सेंटिमीटर लांबीची एक जाड पट्टी आडवी बसवावी. हा अडसर. तो रंध्याच्या वाटेशी काटकोन करून बसला पाहिजे. साऱ्या पाटाचा जीव ह्या एका गोष्टीत आहे. अडसर दोन स्क्रूंनी बसवावा. एक स्क्रू घट्ट, दुसऱ्याचे छिद्र किंचित मोठे, म्हणजे पुढे गरज पडेल तेव्हा अडसर केसभर फिरवता येतो. ही व्यवस्था उजव्या हाताने काम करणाऱ्यांची. डावखुऱ्यांनी वाट डावीकडे ठेवावी.

पाट बाकावर वापरायचा असेल, तर खालच्या फळीच्या तळाला, आपल्या बाजूच्या टोकाशी, एक आडवी पट्टी मारावी. ती बाकाच्या कडेला अडकते आणि रंधा पुढे ढकलताना पाट सरकत नाही. पण आपल्याकडचे पुष्कळ सुतार जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करतात. त्यांनी खालची पट्टी मारूच नये. पाटाचे पलीकडचे टोक भिंतीला किंवा पक्क्या खुंट्याला टेकवले, की झाले.

आता प्रश्न असा येतो, की रंध्याचे पाते फळीबरोबर पाटाची कडही तासणार नाही का? रोज तासत गेले, तर पाट आठवड्यात संपेल! असे होत नाही, आणि त्याचे कारण पाहण्यासारखे आहे. रंध्याचे पाते त्याच्या तळाइतके रुंद नसते. पात्याच्या दोन्ही अंगांना तळाची थोडी थोडी पट्टी कोरी राहते. रंधा कुशीवर निजला, की खालची कोरी पट्टी पाटाच्या कडेला टेकते. पहिल्या काही हातांत पाते पाटाच्या कडेचा वरचा भाग एका सालपटाएवढा कापते. त्यानंतर कोरी पट्टी त्याला आत जाऊ देत नाही. तिथून पुढे पाते फक्त बाहेर आलेले लाकूड कापते. फळीचे तोंड कडेच्या पातळीला आले, की रंधा आपोआप रिकामा फिरू लागतो. जास्त कापायचे असेल, तर फळी आणखी केसभर बाहेर सरकवायची.

काम करताना पाच गोष्टी पाळाव्यात. पहिली, पात्याला धार अशी हवी, की मऊ लाकडाच्या तोंडावरूनसुद्धा भुसा न पडता अखंड सालपट निघावे. धार बोथट असेल, तर पाट कितीही चांगला असो, उपयोग नाही. दुसरी, जिथपर्यंत रंधायचे ती रेघ पेन्सिलीने नव्हे, चाकूने फळीभोवती ओढावी. पेन्सिलीच्या रेघेला स्वतःची जाडी असते. चाकूची रेघ तंतू कापून ठेवते. तिसरी, अडसराकडच्या कडेचा कोपरा आधीच त्या रेघेपर्यंत थोडा छाटून ठेवावा. मागे अडसराचा आधार असतोच. दोन्ही मिळून ढलपी उडायची राहते. चौथी, लाकूड फार चिवट असेल, तर तोंडाला ओले फडके लावून घ्यावे. तंतू थोडे मऊ पडतात. पाचवी, फळी धरलेल्या डाव्या हाताची बोटे रंध्याच्या वाटेत कधीही येऊ देऊ नयेत. मुलांच्या बाबतीत ही पाचवी गोष्ट पहिली समजावी.

आणखी एक तपासणी लागते. तोंड रुंदीत काटकोनात आले, पण जाडीत कलले, असेही होते. तसे दिसले तर पाट न बदलता पाते बदलावे. लोखंडी रंध्याला पाते डावी-उजवीकडे कलवण्याची दांडी असते. लाकडी रंध्यात पात्याला बाजूने हातोडीची हलकी टिचकी द्यावी आणि पाचर पुन्हा घट्ट करावी.

इतके सारे झाले, तरी मूळ प्रश्न शिल्लकच आहे. अडसर काटकोनात बसला आहे, हे आपण कशावरून ठरवले?

ह्या प्रश्नाशी माझा जुना संबंध आहे. माझ्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला सुतारकाम होते. वर्गात असाच एक पाट होता. आम्हाला त्यावर पेन्सिलींची पेटी करावयाची होती. माझ्या पेटीच्या चारही बाजू मी तीन-तीनदा रंधल्या, पण तळ जुळला की वर फट पडे. वर जुळवली, की तळ उघडा. मी भीत भीत विचारले, "गुरुजी, पाट तर चुकला नसेल?" गुरुजींनी शांतपणे दोन तुकडे त्याच पाटावर रंधले, बाकावर तोंडाला तोंड लावून ठेवले. मध्ये प्रकाशाची रेघसुद्धा दिसेना. "पाट बरोबर आहे. तुझ्या हाताला वळण नाही." गुरुजी चांगले होते, रागावलेही नव्हते. म्हणूनच ते वाक्य मला खरे वाटले. त्यानंतर मी रंध्याला हात लावला नाही. पुस्तकांच्या वाटेला गेलो, गणितात एम.ए. झालो आणि कॉलेजात शिकवू लागलो. घरात खिळा ठोकायचा झाला, तरी मी दुसऱ्याला हाक मारत असे.

काही वर्षांपूर्वी गावच्या घराचे दार दुरुस्त करायला आमचे तात्या सुतार आले होते. जुन्या फळ्यांचा एक पाट त्यांनी तिथेच जुळवला, दोन तुकडे रंधले आणि तोंडाला तोंड लावले. मला शाळेतला तो तास आठवला. मी म्हणालो, "तात्या, फट नाही. म्हणजे पाट बरोबर आहे ना?"

तात्या हसले. "मास्तर, असं ठेवलं तर चुकलेलीसुद्धा जुळतात. त्यातली एक फळी पालथी करा, मग बघा."

त्यांनी एक तुकडा पुस्तकाचे पान उलटावे तसा पालथा केला, दोघांच्या अडसराकडच्या कडा एका सरळ पट्टीला टेकवल्या आणि तोंडे पुन्हा भिडवली. मधे पाचरीसारखी फट पडली होती. तात्यांनी स्क्रू सैल केला, अडसराला टिचकी मारली आणि पुन्हा दोन तुकडे रंधले. तिसऱ्या खेपेला फट गेली.

हे सारे भूमिती म्हणून पाहू. समजा, पाट काटकोनाऐवजी एक्याण्णव अंशांचा कोन देतो. दोन्ही तुकड्यांना तो एक्याण्णवच देणार. आता एक तुकडा पालथा न करता नुसता फिरवून दुसऱ्यासमोर ठेवला, तर एकाच्या एक्याण्णव अंशांच्या कोपऱ्याशेजारी दुसऱ्याचा एकोणनव्वद अंशांचा कोपरा येतो. बेरीज एकशे ऐंशी. सांधा घट्ट, कडा सरळ, आणि दोन्ही तुकडे चुकीचे! एकाची चूक दुसऱ्याने झाकली. पण एक तुकडा पालथा केला, की एक्याण्णव आणि एक्याण्णव शेजारी येतात. बेरीज एकशे ब्याऐंशी. चूक झाकली जात नाही, उलट दुप्पट होऊन दिसते. सरळ रेषेवरील लगतच्या कोनांची बेरीज दोन काटकोन, हे प्रमेय मी वर्षानुवर्षे फळ्यावर सिद्ध करून दाखवत होतो. ते माझ्या पेन्सिलीच्या पेटीबद्दल होते, हे मला तात्यांनी सांगेपर्यंत कळले नव्हते.

ह्याच रीतीने गुण्याही तपासता येतो. सरळ कडेच्या फळीला गुण्या लावून एक रेघ ओढा. मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढा. दोन्ही एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. त्या फाकल्या, तर फाकलेल्या अंतराच्या निम्मी चूक गुण्याची. बाजारातून आणलेला नवा गुण्याही आधी असा तपासून घ्यावा. पडला-आपटला की त्याचा भरवसा संपतो.

गुण्या नसेल तर? पाट करताना अडसराची पहिली रेघ दोरीने किंवा मोजपट्टीनेही आखता येते. आपल्याकडे यज्ञवेदी आखण्यासाठी शुल्बसूत्रे रचली गेली. शुल्ब म्हणजे दोरी. बौधायनाच्या शुल्बसूत्रात काटकोन देणाऱ्या बाजूंच्या जोड्या दिल्या आहेत. त्यांत ३ आणि ४ आहेत, तशाच १५ आणि ३६ ह्याही आहेत. ह्या शेवटच्या जोडीचा कर्ण ३९ येतो. आपल्या पाटाची वरची फळी अठरा बाय पंचेचाळीस सेंटिमीटरची, तेव्हा पंधरा, छत्तीस आणि एकोणचाळीस सेंटिमीटरचा त्रिकोण तिच्यावर अगदी बेताचा बसतो. छत्तीसची बाजू रंध्याच्या कडेलगत घ्यावी, पंधराची बाजू अडसराची रेघ होते. मात्र कर्ण मोजताना एक मिलिमीटर चुकला, तर कोन सुमारे ०.४ अंश चुकतो. म्हणून ही रेघ फक्त सुरुवातीची समजावी. दहा सेंटिमीटर रुंदीचे दोन तुकडे पालथे करून पाहिले आणि प्रकाशात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाची फट दिसली, तर पाटाची चूक एका अंशाच्या तिसाव्या हिश्शाएवढीच उरते. म्हणजे फळी पालथी करण्याची रीत मोजपट्टीपेक्षा दसपट बारीक बोलते, आणि तिला पैसा लागत नाही.

फट दिसली तर अडसर केसभर फिरवावा. उलट्या दिशेने फिरला, तर पुढच्या तपासणीत फट वाढलेली दिसेल. मग दुसरीकडे फिरवावा. अगदी थोडी चूक उरली, तर अडसर आणि फळी यांच्यामध्ये एका टोकाला वहीच्या कागदाची चिंधी घालावी. कागद मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा जाड धरला, तर अठरा सेंटिमीटरच्या अडसरावर कोन अंशाच्या तिसाव्या हिश्शाने बदलतो. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून ही तपासणी ऋतू पालटला की पुन्हा करावी. आणि पेटी करताना प्रत्येक फळीच्या एकाच कडेवर खूण करून, दोन्ही तोंडे रंधताना तीच कड अडसराला लावावी. एकदा ही कड, एकदा ती, असे केले, की फळीच्या रुंदीतला फरकही कोनात मिसळतो आणि चूक कोणाची, हे शोधता येत नाही.

आता गुरुजनांना दोन शब्द. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगाच्या द्वारे शिक्षणाची योजना मांडली. त्यातला मुख्य विचार असा होता, की हस्तोद्योग हा वेगळा विषय नव्हे; इतर विषय शिकवण्याचे ते साधन आहे. ती योजना पुढे कितपत चालली, हा वेगळा प्रश्न. पण एक पाट आणि दोन तुकडे वर्गात आणले, तर कोन, बेरीज, कर्ण आणि चूक शोधण्याची रीत एकाच तासात शिकवता येते. रंधा मुलांच्या हाती द्यायचा नसेल, तर गावच्या सुताराला तासभर बोलवावे. ते आनंदाने येतील, आणि एक प्रमेय तेही शिकवून जातील.

एवढे मात्र जरूर करावे. एखाद्या मुलाची पेटी जुळली नाही, तर त्याच्या हाताबद्दल बोलण्याआधी त्याच्यासमोर एक फळी पालथी करून पाहावी. फट दिसली, तर अडसर त्यालाच दुरुस्त करू द्यावा. फट दिसली नाही, तर पात्याची धार पाहावी, खुणेची कड पाहावी, रेघ पाहावी. हे सारे तपासून झाल्यावरच हाताकडे यावे. आणि हाताला वळण लागते ते सरावाने, हेही त्याला त्याच वेळी सांगावे.

त्या दिवशी तात्या गेल्यावर त्यांचा पाट ओसरीवरच राहिला होता. मी त्यावर चार फळ्या रंधल्या. धार लावायला मला दोन दिवस लागले, आणि पेटी व्हायला आठवडा. तिच्या कोपऱ्यात नख शिरत नाही.